खुलासा : तो कालियामर्दन करणारा कृष्ण नव्हे

व्हॉट्सॲपवर एक चित्र फिरतंय : लाटांवर नागाशी झुंजणारा लहान मुलगा. सोबतचा मजकूर म्हणतो, 'चीनमधल्या दोन हजार वर्षं जुन्या मंदिरातलं कालियामर्दन.'

चित्र बीजिंगच्या उन्हाळी राजवाड्यातल्या ७२८ मीटर लांब रंगीत ओसरीतलं आहे, मंदिरातलं नाही. ओसरी १७५० ची. १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजांनी ती जाळली. पुढे ती नव्याने उभारली आणि विसाव्या शतकात चित्रंही पुन्हा रंगवली गेली. मग दोन हजार वर्षं आली कुठून?

मुलगा आहे नझा, चिनी पुराणकथांतला बालदेव. चीनच्या मिंग राजवटीच्या काळातल्या 'फंगशन यान्यी' कादंबरीत तो आपला लाल पट्टा पाण्यात धुतो, तशी समुद्रतळाचा महाल हादरतो आणि पूर्वसागराच्या नागराजाशी त्याचं वैर जुंपतं. व्हॉट्सॲपवर ज्याला कृष्णाचं सुदर्शन म्हटलंय, ते नझाचं सोन्याचं कडं.

गंमत म्हणजे भारताशी नातं खरंच आहे, पण वेगळं. अभ्यासक नझाचं मूळ कुबेरपुत्र नलकूबरात शोधतात; बौद्ध ग्रंथांतून तो चीनला पोचला. हाच नलकूबर आपल्याकडे यमलार्जुन वृक्षांपैकी एक, बाळकृष्णाने उखळ ओढत सोडवलेला.

तेव्हा तो मजकूर कृपया पुढे पाठवू नका. ज्या गटात टाकला असेल तिथे हा खुलासा टाका.