रुग्ण तळमजल्यावर आहे

कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक हौद आहे. बिल्डरच्या माहितीपत्रकात तो 'वॉटर बॉडी' होता. त्यात कारंजं (बंद), कमळं (नाहीत) आणि कोई जातीचे मासे आहेत. मुठेकडून रोज सकाळी एक ढोकरी येते, काठावर मान आखडून ध्यानस्थ बसते, आणि फिरायला निघालेले ज्येष्ठ नागरिक तिच्या शांतपणाचं कौतुक करत पुढे जातात. एके दिवशी तिनं आवाक्याबाहेरचा मासा धरला. वीतभर लांब, केशरी-पांढरा. तो निसटला, पण कुशीवरचे खवले गेले, खाली लालभडक दिसायला लागलं आणि शेपटीचं एक टोक फाटलं.

मासा सोसायटीचा, पण तळमजला माझा. तळमजल्यावरच्या माणसाकडे इतरांची पार्सलं, किल्ल्या आणि कुरियरवाल्यांचे प्रश्न जमा होतातच, त्यात मासा जमा झाला. त्याच आठवड्यात माझ्या कमरेत उसण भरली होती. ही बाब मी सेक्रेटरींच्या कानावर घातली. ते म्हणाले, "म्हणजे घरीच आहात. उत्तम."

कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरांनी फोनवर "मासे मी बघत नाही" एवढंच सांगितलं. मग हिच्या मावसबहिणीचा मुलगा धावून आला. त्याच्या घरात माणसांपेक्षा मासे जास्त आहेत. त्यानं रुग्णाला वेगळा टब, हवेचा पंप आणि वर जाळी, अशी व्यवस्था सांगितली. जाळी कशाला, तर घाबरलेला मासा उडी मारतो.

टब कुठून आणायचा, हा प्रश्न आईनं सोडवला. तिनं माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ काढायला लावलं. "तांब्याचं पाणी प्रकृतीला उत्तम." भाच्यानं जवळजवळ किंकाळी फोडली. पाण्यात उतरलेलं तांबं माशांना विष. आईचा आयुर्वेदावरचा विश्वास ढळला नाही, माशावरचा ढळला. शेवटी बाथरूममधला मोठा निळा टब त्याला गेला आणि आम्ही बादलीवर आलो.

पाण्याचंही असंच. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आपल्याला वाचवतं आणि माशाचे कल्ले जाळतं. म्हणून बादल्या भरून दिवसभर उघड्या ठेवायच्या. शिवाय मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो, हौदात तो फस्त करणारे जिवाणू असतात, नव्या टबात नसतात. म्हणून रोज थोडं पाणी काढायचं आणि तेवढंच शिळं पाणी घालायचं. गुरुवारी पाणी बंद असतं, तेव्हा बुधवारीच दुप्पट बादल्या. हे सगळं कमरेला पट्टा बांधून.

मग मीठ. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरचं पाणी सारखं शिरत असतं आणि ते बाहेर टाकण्यातच त्याचा जीव निम्मा होतो. जखमेतून ते आणखी शिरतं. पाण्यात लिटरला ३ ग्रॅम मीठ असलं की हा भार हलका होतो. टब ६० लिटरचा, म्हणजे १८० ग्रॅम. रक्तदाबामुळे माझ्या ताटातलं मीठ केव्हाच बंद झालंय. याला खडे मीठ, काट्यावर तोलून, वेगळ्या भांड्यात विरघळवून, थोडंथोडं, दिवसभरात. हिनं एवढ्या हळुवारपणे मला कधी वाढल्याचं आठवत नाही.

भेटायला येणारे रिकाम्या हातानं येईनात. कोणी पोळीचा तुकडा आणला, वरच्या काकूंनी साजूक तुपातला शिरा. या माशाला जठरच नसतं, अन्न थेट आतड्यात उतरतं, आणि उरलेलं पाण्यात कुजतं, तेव्हा काही घालू नका, असं मी दारात उभा राहून सांगत होतो. आई म्हणाली, "पोट नाही, मग खातो कशाला?" दातही त्याचे घशात असतात. म्हणजे समितीला त्याच्या बाबतीत करण्यासारखं काहीच उरलेलं नव्हतं. शिरा मी खाल्ला.

जखमेला औषध लावायचं तर मासा स्थिर हवा, आणि त्यासाठी भूल म्हणून चालतं लवंगेचं तेल. ते आईच्या दाढेसाठी घरात होतंच. भाच्यानं मोजून थेंब बाटलीभर पाण्यात खळखळवले, बादलीत ओतले, मासा सोडला. आधी तो डुलला, मग कलला, मग आडवा झाला. कल्ले मात्र सावकाश हलत होते. आम्ही हात ओले केले, कारण कोरड्या हातांना अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो, आणि तोच त्याचं चिलखत. ओल्या पंच्यावर घेऊन भाच्यानं कापसानं जखम टिपली, बीटाडीनचा बोळा फिरवला. कल्ल्यांना थेंब लागू नये म्हणून मी माशाचं डोकं किंचित वर धरलं होतं. माशाला पापण्या नसतात. त्यामुळे सगळा वेळ तो माझ्याकडेच बघत होता.

नेमके तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे काका खिडकीतून डोकावले. मासा टबात परत जाऊन शेपटी हलवायच्या आत ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आली, पाठोपाठ हात जोडलेले तेवीस जण. "जिवंत आहे" असं मी लिहिलं, त्यावर फक्त एकानं अंगठा दाखवला. तोही भाडेकरू.

खवले पुन्हा येतात. बारीक, आधी फिक्या रंगाचे, पण येतात. जखम भरल्यावर त्याला पिशवीत घालून पिशवी आधी हौदात तरंगत ठेवली, पाण्याची ऊब सारखी झाल्यावर सोडला. अध्यक्षांनी नारळ फोडला. नारळाचं पाणी हौदात ओतायला निघालेल्या काकूंना भाच्यानं आडवा हात करून थांबवलं.

मासिक सभेत खर्चाचा विषय निघाला. कुठल्या खात्यातून द्यायचा? कोणीतरी 'सिंकिंग फंड' म्हणालं आणि कोणीही हसलं नाही. पंप, जाळी, मीठ, बीटाडीन एकमतानं मंजूर झालं. कमरेच्या पट्ट्याचं बिल मी सोबत जोडलं होतं. सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर नेऊन ते दोनदा वाचलं आणि परत दिलं. "हे रुग्णाचं नाही ना," ते म्हणाले. "पुढचा विषय, हौदावर जाळी."