पेट्रोल भडकले? बैलगाडी काढा!

पेट्रोल महागले म्हणून हातपाय गाळू नका. पुढारी व्हायला एवढे निमित्त पुष्कळ झाले. फक्त आधी पाहून घ्या, तुम्ही विरोधात आहात की सत्तेत.

विरोधात असाल तर बैलगाडी. परंपरा भक्कम आहे. नोव्हेंबर 1973 मध्ये अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतूनच संसदेत गेले होते. मात्र गाडीला चाके दोन आणि फोटोत यायला कार्यकर्ते चाळीस, तिथे घोटाळा होतो. सगळे मागे चढले की गाडी उलाळते. पुढे सरकले की सगळा भार जुवावर, म्हणजे बैलांच्या मानेवर. मधोमध उभे राहून घोषणा देऊ लागले की आस कुरकुरतो. जुलै 2021 मध्ये मुंबईत अँटॉप हिलला काँग्रेसची गाडी नेत्यांसकट कोसळली ती भारानेच. तेव्हा गाडीवान धरून पाच जण, आणि सिलिंडर नेणार असाल तर रिकामा. बैलांच्या खुरांना ताज्या पत्र्या (नाल) मारल्या असतील तर गुळगुळीत डांबरावर ते घसरतात, हेही बघा. शहरात बैल टेम्पोतूनच येणार. तो टेम्पो फोटोत येऊ देऊ नका.

केंद्रात सत्तेत असाल तर कच्चे तेल उतरले की उत्पादन शुल्क चढवा. 2014 मध्ये पेट्रोलवर लिटरमागे 9 रुपये 48 पैसे होते, मे 2020 मध्ये 32 रुपये 98 पैसे झाले. वाढ उपकर-अधिभाराच्या खात्यात टाका, म्हणजे राज्यांना वाटा द्यावा लागत नाही. मे 2022 च्या कपातीनंतर उरलेल्या 19 रुपये 90 पैशांत राज्यांशी वाटून घ्यायचे मूळ शुल्क 1 रुपया 40 पैसेच होते. कोणी विचारलेच तर मागच्या सरकारचे तेलरोखे, म्हणजे तेल कंपन्यांना रोख अनुदानाऐवजी दिलेले कर्जरोखे, काढा. ते खरेच काढलेले होते, त्यामुळे उत्तर सहसा खपते.

राज्यात असाल तर कॅलक्युलेटर पुरे. व्हॅट, म्हणजे राज्याचा विक्रीवरचा कर, टक्केवारीने लागतो आणि तो केंद्राच्या शुल्कावरही लागतो. केंद्राने दहा वाढवले की 25 टक्क्यांनी तुमचे अडीच रुपये आपसूक आले, शिव्या दिल्लीला. उलटेही जमते. मे 2022 मध्ये केंद्राने पेट्रोलवर 8 आणि डिझेलवर 6 रुपये कमी केले. मुंबई-ठाण्यात तेव्हा व्हॅट पेट्रोलवर 26 आणि डिझेलवर 24 टक्के होता. 8 चे 26 टक्के म्हणजे 2 रुपये 8 पैसे, 6 चे 24 टक्के म्हणजे 1 रुपया 44 पैसे. महाराष्ट्र सरकारने तेव्हा नेमकी एवढीच ‘कपात’ जाहीर केली. टक्का जागचा हलला नव्हता! याला म्हणतात कारभार.

राहिला मुहूर्त. जून 2017 पासून दर रोज बदलतात आणि ते कंपन्या ठरवतात, हे वाक्य पाठ करा. नोव्हेंबर 2021 पासून कंपन्यांनी साडेचार महिने पंपावरच्या दराला हात लावला नाही. मधे युक्रेनचे युद्धही सुरू झाले. पाच राज्यांच्या विधानसभा निवडणुकांचे निकाल 10 मार्च 2022 ला लागले आणि 22 मार्चपासून कंपन्यांना जाग आली: 16 दिवसांत 14 वाढी, एकूण 10 रुपये. कपातीचे गणित त्याहून नाजूक. 2024 मध्ये दोन रुपये 15 मार्चला उतरले, लोकसभेचा कार्यक्रम 16 ला जाहीर झाला. पंपावर नवा दर सकाळी सहाला लागतो, म्हणून घोषणा आदल्या दिवशीच उरका. आचारसंहिता एकदा लागली की श्रेय घ्यायची पंचाईत.