चोर सोडून संन्याशाला लाल चौकट

काल रात्री पावणेबारा वाजता मी एका फॉर्ममध्ये अडकलो होतो. अडकलो म्हणजे अक्षरशः. फोन नंबरच्या चौकटीत कर्सर लुकलुकतोय. टॅब दाबला, हलत नाही. दुसऱ्या फील्डवर क्लिक केलं, हलत नाही. ‘रद्द करा’ दाबलं तर ‘अवैध इनपुट’. कोपऱ्यातली फुली दाबली तरी ‘अवैध इनपुट’. अरे बाबा, मला भरायचाच नाहीये तुझा फॉर्म, सोड मला! शेवटी टास्क मॅनेजर उघडून प्रोसेस मारली आणि आधी भरलेली सतरा फील्डं पाण्यात गेली.

गुन्हा काय माझा? नंबराच्या मध्ये एक स्पेस. माणसं फोन नंबर तोडून बोलतात, तोडूनच लिहितात. ती स्पेस काढून टाकायला कोडची एक ओळ पुरते. पण नाही! आम्ही रेजेक्स, म्हणजे मजकूर ठरलेल्या साच्यात (पॅटर्नमध्ये) बसतो का ते तपासणारं सूत्र, लावणार, आणि कॉम्प्युटरला जे चुटकीसरशी जमतं ते समोरच्या माणसाकडून करून घेणार.

दुर्दैवाने ते ॲप्लिकेशन सांभाळायचं काम आता माझ्याच गळ्यात आलंय, म्हणून कोड उघडला. विंडोज फॉर्म्सचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमधल्या खिडक्या बनवायच्या साधनाचं, जुनं प्रकरण. फील्ड सोडताना चालणाऱ्या ‘व्हॅलिडेटिंग’ इव्हेंटमध्ये पॅटर्न जुळला नाही की ‘कॅन्सल’ ट्रू, म्हणजे फोकस (कर्सर) तिथेच जखडला. ते दाबताना तपासणी होऊ नये म्हणून रद्दच्या बटणाचं ‘कॉझेस व्हॅलिडेशन’ फॉल्स करायचं असतं, ते कुणी केलेलं नाही. फोकस मोकळा ठेवून नुसती चूक दाखवण्यासाठी ‘ऑटोव्हॅलिडेट’ नावाची सोय आहे, तिला कुणी हात लावलेला नाही. शेजारी लाल खूण दाखवणारा एररप्रोव्हायडर टूलबॉक्समध्ये फुकट पडलाय. तरी आपला मेसेज बॉक्स! तोसुद्धा ‘अवैध इनपुट’ एवढंच बोलणारा. काय अवैध, कुठे अवैध, काय लिहिलं तर चालेल, ते ज्याचं त्याने ओळखावं.

बरं, इतका कडक पहारा आहे तर आत कचरा तरी येत नसेल? कर्मचारी क्रमांकाचं फील्ड बघा. पॅटर्न म्हणतो सहा आकडे हवेत. पण मजकूर इथेच सुरू आणि इथेच संपला पाहिजे हे सांगणारी सुरुवातीची ^ ही टोपी आणि शेवटचा $ लिहायचा राहून गेलाय, आणि डॉट नेटचं तपासणीचं फंक्शन ‘इझमॅच’ मजकुरात कुठेही तुकडा सापडला की खूश. मी ‘काहीतरी१२३४५६बरळ’ असं टाकलं. सुखरूप सेव्ह झालं! एका स्पेससाठी मला कोंडून ठेवणारा हाच तो पहारेकरी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

आणि वर मी काय टाकलं ते नीट पाहा. मराठी कीबोर्ड चालू राहिला होता, आकडे देवनागरी होते. तरी पॅटर्नने ते घेतले, कारण डॉट नेटच्या पॅटर्नमध्ये बॅकस्लॅश डी म्हणजे युनिकोडमधला (सगळ्या लिप्यांच्या सामाईक यादीतला) कुठल्याही लिपीतला दशमान अंक. ऐकायला छान वाटतं ना? मग तेच मी ‘संख्या’ फील्डमध्ये केलं. ‘१२’ लिहिलं, पॅटर्न म्हणाला शाब्बास, आणि पुढच्याच ओळीत मजकुराचा आकडा करणारं ‘इंट पार्स’ फॉरमॅट एक्सेप्शन (चूक) टाकून आडवं झालं, कारण त्याला फक्त 0 ते 9 हे इंग्रजी अंक कळतात. दारावरचा म्हणतो या, घरातला म्हणतो ओळखत नाही. चौकटी कंसात शून्य ते नऊ लिहिलं असतं किंवा सरळ ‘ट्रायपार्स’ला विचारलं असतं तर हे झालंच नसतं. ट्रायपार्स! आकडा आहे की नाही हे विचारायचं फंक्शन, भाषेसोबतच येतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा.

नावाच्या फील्डवर तर मी हसावं की रडावं ते कळेना. कुण्या भल्या माणसाने ‘सगळ्या भाषा चालाव्यात’ म्हणून युनिकोडचा ‘लेटर’ हा वर्ग वापरलाय. हेतू उत्तम. पण काना, वेलांटी, उकार, अनुस्वार हे युनिकोडच्या हिशेबात लेटर नाहीत, ते ‘मार्क’. म्हणजे ‘कमल’ चालते, ‘कमला’ चालत नाही. ‘शरद’ आत, ‘शारदा’ बाहेर! मार्कचा वर्ग कंसात जोडला की काम झालं, पण त्यासाठी एकदा तरी स्वतः मराठी नाव टाइप करून बघावं लागतं ना? आणि मुळात नावाला पॅटर्न हवाच कशाला? नाव रिकामं नसावं आणि डेटाबेसच्या कॉलममध्ये मावावं. संपलं. माणसाला स्वतःचं नाव चुकीचं आहे हे सांगणारा तू कोण?

ईमेलचं तर बोलूच नका. शेवटच्या डॉटनंतर दोन ते चार अक्षरं, हा पॅटर्न कोणत्या जमान्यात कुणी लिहिला आणि किती जणांनी उचलून चिकटवला, देव जाणे. ‘डॉट म्युझियम’ २००१ पासून आहे, मोजा अक्षरं. पत्त्यात अधिकची खूण चालते, हेही यांना मान्य नाही. एकच ‘@’ आहे, दोन्ही बाजूंना काहीतरी आहे, एवढं बघा आणि मेल पाठवून द्या. पोचला तर पत्ता खरा.

तारखेचा पॅटर्न मी छापून भिंतीवर लावणार आहे. दोन ओळी भरून कंस, मध्ये लीप वर्षाचा हिशेब, आणि इतकं करून १९०० चा २९ फेब्रुवारी त्याला चालतो. शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जावा लागतो हा नियम बसवता बसवता बहुधा लिहिणाऱ्याचाच धीर सुटला. अरे, कॅलेंडर कंट्रोल ठेव ना! नाहीतर तारीख वाचणाऱ्या ‘ट्रायपार्सएक्झॅक्ट’ फंक्शनला दे. तारीख म्हणजे गणित आहे, अक्षरांची नक्षी नाही.

पण माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते एका गोष्टीने, प्रत्येक कळीगणिक तपासणी. पहिलं अक्षर टाइप केलं की चौकट लाल. अहो, मी लिहितोय अजून! या फॉर्ममध्ये तापमानाचं एक फील्ड आहे. पॅटर्न बरोबर आहे: आधी उणे चालेल, मग आकडे. पण तो दर बदलाला पूर्ण मजकुराला लावलाय आणि जुळलं नाही की अक्षर पुसून टाकतो. उणे टाइप केलं की मजकूर नुसता ‘-’, जुळत नाही, पुसलं. म्हणजे उणे पाच लिहायचं कसं? आधी पाच लिहायचा, मग होम दाबून मागे जायचं आणि मग पुढे उणे लावायचं. डेटा भरणाऱ्या ताईंनी ही युक्ती स्वतः शोधून काढलीय आणि नवीन माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतात. मला ऐकून लाज वाटली.

क्यूटी हे खिडक्या बनवायचं दुसरं साधन, त्यांच्या लोकांना हे कधीचं कळलंय. त्यांचा व्हॅलिडेटर तीन उत्तरं देतो: चूक, चालेल, आणि ‘इंटरमिजिएट’, म्हणजे अजून पुरं नाही, पण वाट बरोबर आहे. जावा भाषेच्या रेजेक्स तपासणाऱ्या मॅचरमध्येही ‘हिटएंड’ आहे, मजकूर मध्येच संपला का ते सांगणारं. आणि आम्ही? हो किंवा नाही, तेही पहिल्या अक्षराला.

कळीगणिक तपासणीची आणखी एक मजा. शेरा फील्डच्या पॅटर्नमध्ये अधिकच्या आत अधिक आहे, कंसातला गट पुन्हा पुन्हा आणि गटाच्या आतलं अक्षरही पुन्हा पुन्हा. लांब मजकुराच्या शेवटी एक नको ते चिन्ह आलं की इंजिन सगळ्या शक्यता चाचपत बसतं, आणि प्रत्येक वाढीव अक्षराला काम साधारण दुप्पट होतं. हे सगळं यूआय थ्रेडवर, म्हणजे खिडकी रंगवण्याचं आणि कळा ऐकण्याचं काम जिथे चालतं तिथेच! खिडकी पांढरी, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’. प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांची स्टॅक ओव्हरफ्लोसारखी साइट २० जुलै २०१६ रोजी ३४ मिनिटं बंद पडली होती, ती टोकाच्या स्पेस काढणाऱ्या एका साध्याशा रेजेक्सपायी. डॉट नेटमध्ये ४.५ पासून रेजेक्सला टाइमआउट, म्हणजे वेळेची मर्यादा, देता येतो. आमच्याकडे किती ठिकाणी दिलाय? शोधलं. शून्य.

आज दिवसभर बसून रद्दचं बटण मोकळं केलं, उणे चालू केलं, कमला आणि शारदा दोघींना आत घेतलं. संध्याकाळी कोड रिव्ह्यूला पहिली कॉमेंट आली: ‘तारखेचा रेजेक्स का काढला? चालत होता की.’ त्याच्या खालोखाल नवीन रिक्वायरमेंट: पत्त्याच्या फील्डला रेजेक्स लावा.

पत्त्याला!