कोण गेलं?

बेल वाजली तेव्हा रेकॉर्डवर गायक उस्ताद अमीर खाँ मारवा रागात कोमल रिषभाच्या सुरावर रेंगाळले होते. दारात खालच्या मजल्यावरचे काका. एरवी चपलांसकट सोफ्यापर्यंत येणारा हा गृहस्थ. आज चपला बाहेर, त्याही जोडीने सरळ लावलेल्या. अंगात पांढरा सदरा, आवाज अगदी खाली.

"कोण गेलं?"

मी काही बोलायच्या आत त्यांची नजर माझ्या खांद्यावरून आत पोचली होती. आई शब्दकोडं सोडवत बसली होती. तिला धडधाकट बघून काकांचा चेहरा जरासा पडला. आई म्हणते, तुझं आपलं काहीतरीच. पण पडला.

"कोणी नाही काका. गाणं लावलंय."

"ते ऐकूनच आलो ना. कोण म्हणतंय हे?"

"अमीर खाँ."

"मग हे गेले का?"

"गेले, पण 1974 साली."

"अरेरे! कशाने?"

"मोटार अपघात. कलकत्त्यात."

"गाड्या चालवायची शिस्तच राहिली नाही हल्ली," असं म्हणून काका बसले. भेटायला आल्यावर लगेच उठायचं नसतं, म्हणून बसले असावेत.

त्यांचा फार दोष नाही म्हणा. आमच्या पिढ्यांना हे वळण आकाशवाणी आणि दूरदर्शननेच लावलं. मोठा नेता गेला की नेहमीचे कार्यक्रम बंद, सारंगी सुरू. 1984 च्या ऑक्टोबरअखेरीला, इंदिरा गांधी गेल्या तेव्हा ज्यांनी रेडिओ ऐकला, त्यांना सारंगी म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. तीन मुख्य तारा, खाली तिसाहून जास्त तरफा, म्हणजे साथीला झणकारणाऱ्या बारीक तारा, माणसाच्या गळ्याच्या इतकं जवळ जाणारं दुसरं वाद्य शोधावं लागेल. आणि आपण तिला काम दिलं ते दुखवट्याचं. सारंगियांनी खरं तर खटला भरायला हवा होता.

"शब्द कधी सुरू होणार?" काकांनी विचारलं.

"सुरू आहेत. प्रियकर दुसऱ्या देशी निघून गेलाय, असं गाण्यातली नायिका सांगतेय."

"म्हणजे गेलंय कोणीतरी!" काका एकदम खुलले. आईने कोड्यातून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

मग थोडा वेळ ते मांडीवर बोटांनी ताल धरायला बघत होते. ताल झुमरा, 14 मात्रांचा, तोही अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ. एक आवर्तन पुरं व्हायला मिनिटाच्या आसपास जातं. काकांच्या मांडीवर तेवढ्यात चार-पाच गाणी होऊन गेली. शेवटी बोटं थांबवून त्यांनी निदान केलं, "नेट अडकतंय तुझं. मघापासून एकच ओळ येतेय." तेवढ्यात सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली आणि माझी मान हलली. काका दचकले. "काय झालं?"

"सम आली."

त्यांनी दाराकडे पाहिलं.

"छोटं नाही का मिळत यातलं?"

मिळतं ना! 78 फेऱ्यांच्या तबकडीवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, त्यात जुन्या लोकांनी अख्खा राग बसवून दाखवला. 1902 साली गायिका गौहरजान ग्रामोफोनच्या भोंग्यासमोर गायली आणि शेवटी आपलं नाव इंग्रजीत मोठ्याने सांगून मोकळी झाली, परदेशात तबकड्या छापणाऱ्यांना कळावं म्हणून. हे सगळं मी काकांना सांगायला लागलो होतो. वाक्य अर्ध्यावर असताना ते पेंगले. हनुवटी छातीवर, सदऱ्याचं वरचं बटण लागलेलं, ओठ किंचित उघडे. मारव्यात!

मारव्यात पंचमाला, म्हणजे 'प'ला, मज्जाव. मग एरवी पंचमावर असणारी तानपुऱ्याची पहिली तार निषादावर लावतात आणि तीच मुळात बेचैन. गवई कोमल रिषभ आणि धैवतावर घुटमळतो, षड्जाला, म्हणजे घरच्या 'सा'ला, हुलकावणी देत राहतो. घर समोर दिसतंय आणि आत कोणी घेत नाही, अशी ऐकणाऱ्याची अवस्था. दिवस मावळतानाचा राग, जीव टांगणीला लावणारा. त्यावर माणूस डुलक्या काढतो?

जागे झाल्यावर काका म्हणाले, "झोपेला फार छान आहे रे. लिंक पाठव. नातू रात्री दोनपर्यंत झोपत नाही."

इथे मात्र माझं डोकं फिरलं. या संगीताला आपण दोनच खाती वाटून दिली आहेत, मयत आणि झोप. मोबाइलवरच्या गाण्यांच्या ॲपातही तेच: पावसाचा आवाज, समुद्राची गाज आणि त्यांच्या मधोमध दरबारी राग. माणसाने आयुष्यभर रियाज करायचा तो लोकांचा रक्तदाब उतरवायला? आणि ज्याला नुसतं ऐकायचंय, आपल्याच घरात, बेताच्या आवाजात, त्याने आधी घरातली माणसं मोजून दाखवायची.

लिंक मी पाठवली. न पाठवून जातो कुठे? दुसऱ्या दिवशी इमारतीच्या ग्रुपवर सूचना आली, नाव न घेता: संध्याकाळी दिवेलागणीला उदास संगीत लावू नये, घरात लहान मुलं आहेत.

त्याच सूचनेच्या खाली काकांचा मेसेज होता. त्यांच्याकडे सोमवारपासून फरशा फोडायचं काम सुरू होतंय, महिनाभर चालेल, सर्वांनी सहकार्य करावे. खाली सतरा अंगठे.