स्नेहमेळाव्यात मी काय बोललो, याचा खुलासा

साताऱ्यातल्या आमच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यानंतर माझ्या नावानं एक मेसेज फिरतोय : 'याच्या मते आपण मेहनतच केली नाही, सगळं जातीमुळं मिळालं.' असं मी म्हणालेलो नाही. मेहनत आपण सगळ्यांनीच केली.

मी बोललो ते वरच्या जातीमुळं आपल्याला मिळालेल्या 'सवलती'बद्दल; उदाहरण दिलं ते शिकत असतानाच्या सदर बझारमधल्या भाड्याच्या खोलीचं. घरमालकांनी आडनाव विचारलं, ऐकलं आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. डिपॉझिटचं सावकाश बघू म्हणाले. तासाभरापूर्वीच त्यांनी माझ्या मित्राला 'खोली कालच गेली' असं सांगितलं होतं. मार्क त्याला माझ्यापेक्षा जास्त. ती किल्ली मी मुकाट्यानं घेतली. मित्राला साधं विचारलंही नाही. ते मला आजही सलतं.

'हे सगळं आता जुनं झालं,' असंही त्या मेसेजात आहे. जुनं काय होतं, ते आपल्याच गावात घडलंय. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब आंबेडकर इथल्या सरकारी शाळेत दाखल झाले. आजचं प्रतापसिंह हायस्कूल. बसायला घरून आणलेलं तरट. तहान लागली तर नळ शिपायानं सोडायचा; शिपाई नसेल तर पाणी नाही. त्याच वर्गातली बाकीची मुलं उठून नळावर जात, पाणी पिऊन परत येत. आपल्याला काही जास्तीचं मिळतंय, हे त्यांच्या मनातही आलं नसेल. मी 'सवलत' म्हणालो ती ही, न मागता मिळालेली आणि म्हणून न दिसणारी.

ज्यांनी तो मेसेज पुढं पाठवला, त्यांनी हाही पाठवावा, ही विनंती.