भरतीला बसलेले पक्षी उडवू नका, प्लीज

थोडं लांबलचक लिहितेय, पण किनाऱ्यावर कॅमेरा घेऊन जाणाऱ्या सगळ्यांनी वाचावं असं मनापासून वाटतं. थंडी पडली की आक्षी, नागाव, अलिबाग बाजूला सुट्टीच्या दिवशी मोठ्या लेन्सवाल्यांची गर्दी व्हायला लागते. त्याचा मला आनंदच आहे, मीही नोकरी सांभाळून फोटो काढणारीच. पण हल्ली एक प्रकार फार वाढलाय आणि तो बघून जीव तुटतो. भरतीच्या वेळी वाळूवर कुरव (सीगल) आणि सुरयांचा (टर्न) मोठा थवा बसलेला असतो, चार-पाच जण कॅमेरे लावून तयार राहतात आणि एक जण थव्याच्या दिशेने पळत सुटतो. सगळे पक्षी एकदम उठतात, बर्स्ट मोड सुरू. मग तो फोटो फेसबुकवर येतो आणि खाली 'वा, काय मोमेंट पकडलाय' अशा कमेंट्स. तो मोमेंट मुद्दाम घडवून आणलाय हे बघणाऱ्याला कळतच नाही.

आता यात बिघडतं काय ते सांगते. चिखल्या, सँडरलिंग, तुतवार ही किनाऱ्यावरची छोट्या पक्ष्यांची सगळी मंडळी ओहोटीला उघड्या पडलेल्या ओल्या वाळूत आणि चिखलात खातात. पाणी वर चढलं की त्यांचं ताट बंद. मग ते चार-पाच तास एखाद्या कोरड्या पट्टीवर दाटीवाटीने बसतात, एका पायावर, चोच पिसात खुपसून. आळस नव्हे तो, पुढच्या ओहोटीपर्यंत अंगातली ताकद जपून ठेवणं असतं ते. सँडरलिंगचं वजन साधारण पन्नास-साठ ग्रॅम, आणि हा पक्षी अंडी घालतो थेट आर्क्टिकच्या टुंड्रात. मार्च-एप्रिलमध्ये परत निघायचं तर त्याआधी अंगावर चरबी चढवायला लागते. सकाळपासून दहा ग्रुप आले आणि दहा वेळा उडवलं तर ती चढणार कधी?

आणि खरं सांगू का, उडवायची गरजच नसते. भरतीचं गणित जमलं की पक्षी स्वतःहून तुमच्यासमोर येतात. आपल्याकडे जुने लोक तिथीवरून भरती सांगतात, तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, साधारण त्या वाजता पूर्ण भरती. म्हणजे चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. नेमक्या वेळेसाठी मोबाईलवर भरती-ओहोटीचं कोष्टक बघाच, पण अंदाज यायला हे पाऊणपट पुरतं. आता आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून, म्हणजे सकाळी ऊन आपल्या पाठीमागून येतं आणि पक्ष्याच्या अंगावर पडतं, संध्याकाळी मिळतात त्या फक्त काळ्या आकृत्या. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत दशमी ते द्वादशी हे दिवस मला सगळ्यात आवडतात, सूर्य वर येत असतो आणि पाणीही चढत असतं. पौर्णिमा-अमावस्येला उधाण मोठं असतं खरं, पण पूर्ण भरती येते दुपारी बाराच्या आसपास आणि त्या उन्हात पांढऱ्या कुरवाच्या पिसांचा तपशील पार उडून जातो.

म्हणून पाणी चढायच्या आधी जायचं, पक्षी कुठे सरकतील त्याचा अंदाज घ्यायचा, लांबच कुठेतरी वाळूवर पालथं पडायचं, लेन्सखाली आधाराला बीन बॅग, आणि हलायचं नाही. लाट जसजशी वर येते तसतसे सँडरलिंग तिच्या पुढेपुढे पळत येतात, लाट मागे गेली की मागे धावतात, वाळूत टोच्या मारतात, परत पळतात, त्या नादात कधी कधी इतके जवळ येतात की लेन्सला फोकस घेता येत नाही. थवा अस्वस्थ झाला की तेही दिसतं. आधी पिसातली चोच बाहेर येते, मग माना ताठ होतात, मग सगळे चालायला लागतात. माना ताठ झाल्या की तिथेच थांबायचं किंवा हळूच मागे सरकायचं.

आक्षीच्या वाळूवर तिसऱ्या म्हणजे शिंपल्या गोळा करणाऱ्या मावशींकडे एकदा नीट बघा. वाकून, हळूहळू, आपल्याच कामात. पक्षी त्यांच्यापासून दहा-बारा पावलांवर निवांत चरत असतात आणि आपण कॅमेरेवाले सरळ चाल करून गेलो की शंभर पावलांवरून उठतात. मी पक्ष्यांच्या जवळ जायला शिकले ते या मावशींकडे बघून, कुठल्या वर्कशॉपमध्ये नाही.

उडतानाचे फोटो हवेत ना, मग मालवण, तारकर्लीकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतात तेव्हा जा. जाळं किनाऱ्याला लागत आलं की कुरव, सुरय, तांबड्या घारी सगळे डोक्यावर घिरट्या घालायला लागतात. मी तिथे उगाच पुढेमागे करत होते तर एक रापणकर काका म्हणाले, "घाई कित्याक करतास? रापण भायर येवंदे, पाखरां आपणच येतली." आणि आलीच. शटरचा वेग 1/2000 सेकंदापेक्षा जास्त ठेवा, मागे काळसर पाणी असेल तर एक्सपोजर थोडं खाली घ्या, नाहीतर पांढरा रंग जळतो.

गेटवे-मांडवा बोटीवर वेफर्स आणि शेव उधळून सीगल जवळ बोलवणंही बंद व्हायला हवं. तळलेलं खारट खाणं हे त्यांचं अन्न नाही. आता तर लोक फोटोसाठी बोटीवर चढतानाच पाकिटं घेऊन येतात. बोटीच्या मागे पंख्याने पाणी ढवळलं जातं तिथे कुरव तसेही येतात, मागच्या बाजूला उभं राहा, मिळतील फ्रेम्स.

पावसाळ्यात वादळानंतर खोल समुद्रातले बूबीसारखे पक्षी दमून किनाऱ्यावर येऊन पडतात, तेव्हाही सेल्फीसाठी गराडा पडतो. लांब राहा, कुत्री हाकला, वनविभागाच्या 1926 ला फोन करा. पाण्यात परत ढकलू नका, तो तिथे पोहायला नाही, दमून आलेला असतो.

ग्रुपच्या अ‍ॅडमिन लोकांना आणि स्पर्धांच्या परीक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, अख्खा थवा घाबरून उठलेला फोटो आला की विचारा, कसा काढलात? उत्तर पटलं नाही तर लावू नका. त्याऐवजी शांत बसलेल्या पक्ष्याच्या पायांचे फोटो मागवा. पायात अभ्यासकांनी घातलेली कडी किंवा रंगीत झेंडी दिसली आणि तिच्यावरची अक्षरं वाचता आली तर ती नोंद बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) कळवता येते, हा पक्षी कुठून आला ते त्यातून कळतं. थव्याच्या धुरळ्यात हे काहीच दिसत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी मोठ्या पल्लास कुरवांची डोकी काळीभोर व्हायला लागतात, तेव्हा मी आक्षीला जाणारे. कोणाला यायचं असेल तर मेसेज करा, एक जादा बीन बॅग आहे माझ्याकडे. फक्त सहाच्या आत वाळूवर पोचायचं आणि पाणी उतरेपर्यंत उठायचं नाही, एवढं मान्य असेल तरच.