स्लाइड उशिरा का आली, आणि तरीही ती व्हिडिओत का मिसळू नये

सप्रेम नमस्कार, सर.

व्हिडिओच्या शेजारी स्लाइड्स स्वतंत्र ठेवून त्या बोलण्याबरोबर बदलत नेणाऱ्या ऑनलाइन सादरीकरण-प्रणालींवरील माझा लेख आपण शेवटपर्यंत वाचलात आणि नमुन्यादाखल दिलेले गोव्यातल्या खाजन शेतीवरील, म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेल्या भातशेतीवरील, व्याख्यानही उघडून पाहिलेत, याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत: वक्ते मानशीच्या, म्हणजे बांधातून पाणी सोडण्याच्या वाटेच्या, दाराविषयी बोलत होते तेव्हा शेजारी मांडवी नदीच्या मुखाचा नकाशाच दिसत राहिला. असा घोळ होणार असेल तर स्लाइड्स व्हिडिओतच मिसळून एकच फाइल यूट्यूबवर चढवणे बरे. शिवाय अशा सेवा आज असतात आणि उद्या बंद पडतात, आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या ज्या मुलांना धड रेंजही मिळत नाही त्यांना याचा उपयोग काय, असेही आपण विचारले आहे.

पहिला आक्षेप पूर्णपणे खरा आहे आणि चूक माझी आहे. ते व्याख्यान फोंड्यातल्या आमच्या वाचनालयात झाले. चित्रीकरण चालू असताना लॅपटॉपवरची प्रत्येक स्लाइड कधी बदलली याची नोंद आपोआप होत होती. नंतर मी व्हिडिओच्या सुरुवातीचा दीपप्रज्वलनाचा आणि स्वागताचा भाग काढून टाकला. तो ६ मिनिटे २० सेकंदांचा होता. ज्या यादीवरून स्लाइड्स बदलतात ती वेळांची यादी मात्र मूळ चित्रीकरणाचीच राहिली. त्यामुळे १७ मिनिटे ४२ सेकंदांना यायला हवी असलेली चौदावी स्लाइड यादीप्रमाणे २४ मिनिटे २ सेकंदांना आली. प्रकाशित करण्यापूर्वी मी पहिली दोन मिनिटे तपासली होती, परंतु तिथे शीर्षकाचीच स्लाइड असते, म्हणून काही खटकले नाही. मधली आणि शेवटची पाच पाच मिनिटे पाहिली असती तर आपल्याला हा त्रास झाला नसता.

यादीतून ६ मिनिटे २० सेकंद वजा केल्यावरही शेवटाकडे चार सेकंदांचा फरक उरला होता, त्याचे कारण वेगळे आहे आणि ते इतरांच्याही उपयोगाचे आहे. फोनवर केलेल्या चित्रीकरणात दर सेकंदाला येणाऱ्या चौकटींची (फ्रेम्सची) संख्या बहुधा स्थिर नसते. प्रकाश कमी झाला की ती घटते. पुढे फाइलचे रूपांतर करताना ती स्थिर आहे असे धरले गेले तर थोडा थोडा फरक साचत जातो आणि तासाभराच्या व्याख्यानात तो जाणवू लागतो. सुरुवातीच्या एका स्लाइडची आणि शेवटच्या एका स्लाइडची खरी वेळ कानाने ऐकून निश्चित करावी आणि मधला फरक सर्व नोंदींवर प्रमाणात वाटून द्यावा, हा त्यावरचा उपाय आहे. मी आता तसेच केले आहे.

मेळ किती काटेकोर असावा, याबद्दलही गैरसमज आहे. ओठांची हालचाल आणि आवाज यांच्याबाबत माणूस फार चोखंदळ असतो: आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला तरी तो फरक जाणवू लागतो. स्लाइडचे तसे नाही. ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालू असताना सध्याच्या वेळेची सूचना साधारण दर पाव सेकंदाला मिळते आणि स्लाइड बदलण्यासाठी तेवढे पुरते. माझ्या मते स्लाइड बोलण्याच्या सेकंदभर आधी आलेली चांगली, कारण डोळा आकृतीवर स्थिरावतो आणि मग शब्द कानावर पडतात. उशिरा आलेली स्लाइड मात्र ऐकणाऱ्याला खरोखरच छळते. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी बहुमाध्यमी शिक्षणावरील संशोधनात कालसान्निध्याचे जे तत्त्व मांडले आहे ते हेच: शब्द आणि त्यांच्याशी जुळणारे चित्र एकाच वेळी समोर आले तर विषय अधिक चांगला समजतो. आपला राग या तत्त्वाला धरूनच आहे.

आता एकाच फाइलविषयी. दहा मिनिटांची चित्रफीत असेल, त्यातल्या स्लाइड्स मोठ्या अक्षरांच्या असतील आणि ती व्हॉट्सॲपवरून पालकांना पाठवायची असेल, तर आपण म्हणता तेच योग्य आहे आणि मीही तसेच करतो. पण खाजन शेतीच्या व्याख्यानातली ती चौदावी स्लाइड घ्या. तिच्यात मानशीचा उभा छेद आहे. बाहेर नदी, आत शेत, मध्ये बांध आणि बांधात लाकडी दार. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्या दाबाने दार आपसूक मिटते आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला बाहेरचे पाणी उतरते, आतल्या पाण्याचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठरतो आणि दार उघडून साचलेले पाणी बाहेर पडते. माणसाने हात न लावता घडणारी ही क्रिया समजण्यासाठी दार कोणत्या बाजूला झुकते हे त्या आकृतीत स्पष्ट दिसावेच लागते, आणि आकृतीत बारीक अक्षरांची अकरा नावे आहेत.

हीच स्लाइड व्हिडिओत मिसळून मी फोनवर पाहिली. व्हिडिओचे संकोचन (कॉम्प्रेशन) हलणाऱ्या चित्रांसाठी योजलेले असते. रंगाची माहिती त्यात आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांना निम्म्या बारकाव्यानेच साठवली जाते आणि रेंज कमी पडली की अक्षरांच्या कडा आधी विरघळतात. रोमन अक्षरे त्यातूनही कशीबशी ओळखू येतात, पण देवनागरीचा सगळा भार वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार यांवर असतो. तपकिरी रंगावर निळ्या अक्षरांत लिहिलेल्या ‘बांध’ या शब्दाचा अनुस्वार पुसला गेला आणि तिथे ‘बाध’ उरले. तीच स्लाइड स्वतंत्र पान म्हणून शेजारी ठेवली की बोटांनी हवी तेवढी मोठी करता येते आणि अक्षरे धारदार राहतात.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी एका गावाचे नाव चुकल्याचे दाखवून दिले. मला ते एक पान बदलायला दोन मिनिटे लागली. एकच फाइल असती तर संपूर्ण व्हिडिओ पुन्हा तयार करून चढवावा लागला असता, आणि यूट्यूबवर नवा व्हिडिओ म्हणजे नवा पत्ता, त्यामुळे आधी वाटलेले सगळे दुवे निरुपयोगी झाले असते. शिवाय स्वतंत्र स्लाइडवरचा मजकूर हा मजकूरच राहतो. विद्यार्थ्याने ‘कोरगुट’ असे शोधले तर त्या भाताविषयीची स्लाइड सापडते आणि तिच्यावर बोट ठेवताच व्हिडिओ नेमका तिथे जातो. अंध विद्यार्थ्याला स्क्रीन रीडर ती स्लाइड वाचून दाखवतो. चित्र झालेल्या मजकुराला यातले काहीच साधत नाही.

सेवा बंद पडण्याविषयीची आपली भीती सर्वांत गंभीर आहे आणि मी तिचा अनुभव घेतला आहे. फार पूर्वी मी दोन व्याख्याने अशाच एका संकेतस्थळावर ठेवली होती. ते बंद झाले तेव्हा व्हिडिओ माझ्याकडे होते, स्लाइड्सही होत्या, पण कोणती स्लाइड कधी, ही माहिती त्यांच्याच यंत्रणेत अडकून गेली. व्यापक उदाहरण तर सर्वांना ठाऊक आहे: फ्लॅश या ब्राउझरमधल्या जुन्या जोड-प्रणालीवर चालणारी असंख्य सादरीकरणे ३१ डिसेंबर २०२० नंतर ब्राउझरमध्ये चालेनाशी झाली. म्हणून कोणतीही प्रणाली निवडताना मी आता सर्वांत आधी हेच विचारतो की वेळांची यादी साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढता येते की नाही. येत नसेल तर बाकीच्या सोयी कितीही देखण्या असल्या तरी मी ती वापरत नाही.

ही यादी म्हणजे काही गूढ वस्तू नव्हे. ‘१७ मिनिटे ४२ सेकंद ते १९ मिनिटे ५ सेकंद, स्लाइड १४’ अशा अर्थाच्या अडतीस नोंदी, एवढेच तिचे स्वरूप. माध्यमांचा कालमेळ लिहून ठेवण्यासाठी वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने १९९८ मध्येच स्माइल नावाची भाषा प्रमाणित केली होती. आज उपशीर्षकांसाठी वापरली जाणारी वेबव्हीटीटी फाइल हेच काम करते आणि ती प्रचलित ब्राउझरना थेट वाचता येते. यादीत आरंभ आणि अंत दोन्ही लिहावेत, हे मात्र आवर्जून सांगतो. केवळ बदलाचा क्षण पाहून पुढची स्लाइड लावणाऱ्या प्रणालीत विद्यार्थ्याने व्हिडिओ पुढे सरकवला की मधले क्षण चुकतात आणि जुनीच स्लाइड दिसत राहते. कालखंड लिहिलेले असतील तर तो कुठेही गेला तरी त्या क्षणाची योग्य स्लाइड सापडते. ओपनकास्ट आणि बिगब्लूबटन या ऑनलाइन व्याख्यानांसाठीच्या मुक्तस्रोत प्रणाली आपल्याच सर्व्हरवर बसवता येतात, त्यामुळे ज्या महाविद्यालयाकडे सांभाळायला माणूस आहे त्याने त्यांचा विचार जरूर करावा. एकट्या शिक्षकाला व्हिडिओ, पीडीएफ आणि ही यादी असे तिन्ही पेनड्राइव्हवर जपून ठेवले तरी पुरे.

रेंजबद्दल आपला अंदाज उलट आहे. हे व्याख्यान ५२ मिनिटांचे आहे. सेकंदाला १.२ मेगाबिट या दराने मिसळलेला व्हिडिओ सुमारे ४७० एमबी होतो. वक्त्यांचा लहान चौकटीतला व्हिडिओ पाव मेगाबिट दराने ठेवला तर तो ९८ एमबीच्या आसपास येतो आणि सगळ्या स्लाइड्स मिळून ३ एमबी. पावसाळ्यात सत्तरीतल्या वाळपईच्या पलीकडे तेही जमत नसेल, तर नुसता आवाज १९ एमबीमध्ये मावतो आणि स्लाइड्स त्याच यादीच्या आधारे आवाजाबरोबर बदलत राहतात. वक्त्यांचा चेहरा दिसत नाही, पण मानशीचे दार दिसते.

दुरुस्त केलेले व्याख्यान मूळ दुव्यावरच ठेवले आहे आणि त्याची यादीही खाली उतरवून घेता येईल अशी जोडली आहे. १७ मिनिटे ४० सेकंदांपासून ते पुन्हा पाहावे, अशी विनंती आहे. एकतिसाव्या आणि बत्तिसाव्या स्लाइडच्या मधला बदल मी केवळ अंदाजाने ठेवला आहे, कारण तिथे वक्ते थोडा वेळ मागे वळून श्रोत्यांच्या प्रश्नाला उत्तर देत होते. वक्त्यांना येत्या रविवारी विचारून ती एक नोंद पक्की करीन.